कृषी अवशेषांची पूर्वप्रक्रिया

कृषी अवशेषांची पूर्वप्रक्रिया म्हणजे भाताचा पेंढा, गव्हाचे काड, उसाचे चिपाड, मक्याची ताटे यांसारख्या पीक-अवशेषांची घट्ट रचना सैल करून त्यांतील बहुशर्करा विकरांच्या (एन्झाइमांच्या) आवाक्यात आणण्याची प्रक्रिया होय. या अवशेषांच्या कोरड्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या बहुशर्करांचा असतो. त्यांचे विघटन करून ग्लुकोज, झायलोज इत्यादी साध्या शर्करा मिळवता येतात आणि त्या शर्करांपासून इथेनॉल, सेंद्रिय अम्ले, झायलिटॉल व जैवप्लास्टिकचा कच्चा माल तयार करता येतो. मात्र नैसर्गिक अवस्थेतील काडाकचऱ्यावर विकरांची क्रिया फारच मंद होते. बहुतेक अवशेषांतून पूर्वप्रक्रियेशिवाय एकूण शर्करेचा अल्प भागच हाती येतो.

पूर्वप्रक्रिया सौम्य झाली तर रचना उघडत नाही; ती तीव्र झाली तर उघड झालेली शर्करा जळून जाते व तिच्यापासून किण्वनाला मारक द्रव्ये तयार होतात. या दोन टोकांमधील समतोल साधणे हा या विषयाचा गाभा आहे. वनस्पतिज अवशेषांपासून शर्करा मिळवण्याच्या साखळीत पूर्वप्रक्रिया हा सर्वांत खर्चिक टप्प्यांपैकी एक मानला जातो आणि पुढील प्रत्येक टप्प्याचे यश तिच्यावर अवलंबून असते.

कच्चा माल

पीक काढल्यानंतर शेतात उरणारे आणि मालावर प्रक्रिया करताना कारखान्यात उरणारे, असे कृषी अवशेषांचे दोन प्रकार केले जातात. भात व गव्हाचे काड, मक्याची ताटे, उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या हे पहिल्या प्रकारात मोडतात. उसाचे चिपाड, भाताचा तूस आणि मक्याची बुरकुंडे हे दुसऱ्या प्रकारातील होत. दुसऱ्या प्रकारचा माल एकाच ठिकाणी साठलेला असल्याने त्याच्या गोळा करण्याचा खर्च कमी येतो. एक टन ऊस गाळल्यावर साधारणतः २८० ते ३०० किलो ओले चिपाड मिळते व त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते.

यांतील सर्वच माल ‘टाकाऊ’ असतो असे नाही. चिपाड साखर कारखान्यांच्या बाष्पकात जाळून वाफ व वीज निर्माण केली जाते, ज्वारीचा कडबा हा जनावरांचा मुख्य चारा आहे आणि पऱ्हाट्या-तुराट्या ग्रामीण भागात सरपण म्हणून वापरल्या जातात. त्यामुळे एखादा अवशेष शर्करानिर्मितीसाठी उपलब्ध आहे की नाही, हे त्याच्या रासायनिक घटकांइतकेच त्याच्या प्रचलित उपयोगावरही ठरते.

रासायनिक रचना

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत तीन मुख्य घटक एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांच्या या एकत्रित रचनेला लिग्नोसेल्युलोज म्हणतात.

सेल्युलोज: हा ग्लुकोजच्या रेणूंचा सरळ, शाखाविरहित बहुवारिक आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायाँ यांनी १८३८ मध्ये तो वेगळा केला. कोरड्या अवशेषात त्याचे प्रमाण साधारणतः ३५ ते ५० टक्के असते. धान्यातील स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला असतो. परंतु स्टार्चमध्ये ग्लुकोजचे रेणू आल्फा बंधांनी, तर सेल्युलोजमध्ये बीटा बंधांनी जोडलेले असतात. एवढ्या एका फरकामुळे सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहतात, शेजारच्या साखळ्यांशी हायड्रोजन बंधांनी जखडल्या जातात आणि त्यांचे स्फटिकी तंतू तयार होतात. मनुष्य भात पचवू शकतो पण पेंढा पचवू शकत नाही, याचे मूळ कारण हेच आहे.

हेमिसेल्युलोज: हा अनेक शर्करांचा शाखायुक्त बहुवारिक असून त्याचे प्रमाण २० ते ३५ टक्के असते. गवतवर्गीय पिकांमध्ये तो मुख्यतः झायलोजचा बनलेला असतो. त्यावर अराबिनोज आणि ॲसिटिल गट जोडलेले असतात. त्याची रचना स्फटिकी नसल्याने उष्णता व अम्ल यांच्यापुढे तो सेल्युलोजपेक्षा लवकर विरघळतो.

लिग्निन: हा शर्करेचा नसून फिनॉलवर्गीय घटकांचा जटिल बहुवारिक आहे. कृषी अवशेषांत तो साधारणतः १० ते २५ टक्के आढळतो. तो खोडाला ताठपणा देतो, पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांना जलरोधक बनवतो आणि कीड व रोगकारक कवकांपासून वनस्पतीचे रक्षण करतो.

यांशिवाय अवशेषांत राख, प्रथिने, मेण इत्यादी पदार्थ असतात. भाताच्या पेंढ्यात राखेचे प्रमाण विशेष जास्त, साधारणतः १० ते २० टक्के असून त्यातील बराचसा भाग सिलिकाचा असतो. ही सिलिका यंत्रांची झीज करते आणि अल्कली द्रावणात विरघळून पुढे नळ्यांत थर धरते.

विघटनाला होणारा विरोध

वनस्पतीची भित्तिका सूक्ष्मजीवांच्या हल्ल्याला टिकून राहील अशाच रीतीने उत्क्रांत झालेली आहे. तिच्या या गुणाला जैवभाराची विघटनरोधकता असे म्हणता येईल. तिची कारणे अनेक आहेत. स्फटिकी सेल्युलोजमध्ये पाण्यालाही सहज शिरकाव नसतो. तंतूंभोवती हेमिसेल्युलोजचे आवरण व त्यावर लिग्निनचा लेप असतो. सेल्युलोजचे विघटन करणाऱ्या विकरांचा व्यास सुमारे ५ नॅनोमीटर असतो. भित्तिकेतील पुष्कळशी छिद्रे यापेक्षा अरुंद असल्याने विकरे आत जाऊ शकत नाहीत. शिवाय ही विकरे लिग्निनच्या पृष्ठभागाला चिकटून निष्क्रिय होतात, म्हणजे महागडे विकर शर्करा न देताच वाया जाते.

पूर्वप्रक्रियेच्या सर्व पद्धती यांपैकी एक किंवा अधिक अडथळे दूर करतात. कोणी हेमिसेल्युलोज विरघळवून छिद्रे रुंदावते, कोणी लिग्निन काढून टाकते, तर कोणी सेल्युलोजची स्फटिकी मांडणीच मोडते. लिग्निन पूर्णपणे काढणे मात्र आवश्यक नसते. पुष्कळदा ते वितळून जागा बदलते व थेंबांच्या रूपाने पुन्हा घट्ट होते, तेवढ्यानेही सेल्युलोजकडे जाणारी वाट मोकळी होते.

इतिहास

फ्रान्समधील नान्सी येथील रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्ये तागाच्या चिंध्या व लाकडाचा भुसा यांवर संहत सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया करून शर्करा मिळवली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे हे काम अम्लावरच सोपवले गेले. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीत विरल सल्फ्यूरिक अम्ल वापरणारी शॉलर पद्धत आणि संहत हायड्रोक्लोरिक अम्ल वापरणारी बेर्गियुस पद्धत लाकडापासून शर्करा मिळवण्यासाठी वापरात आल्या. यांपैकी फ्रीडरिख बेर्गियुस यांना उच्च दाबाच्या रासायनिक पद्धतींसाठी १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल बॉश यांच्यासह मिळाले होते. सोव्हिएत संघात लाकूड व कृषी अवशेषांच्या अम्लीय विघटनाचे कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू होते.

या पद्धतींची मर्यादा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेरोम सेमन यांनी १९४५ मध्ये गणिती स्वरूपात मांडली. विरल अम्लात सेल्युलोजपासून ग्लुकोज तयार होत असतानाच तयार झालेले ग्लुकोजही नष्ट होत असते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू राहत असल्याने शर्करेचे उत्पन्न एका मर्यादेपलीकडे वाढत नाही.

या कोंडीतून मार्ग मिळाला तो वेगळ्याच दिशेने. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू व कापड कुजू लागले. कुजलेल्या कापडावरून वेगळ्या केलेल्या कवकांपैकी एक कवक सेल्युलोजचे विघटन करणारी विकरे विपुल प्रमाणात बाहेर सोडते, असे आढळले. अमेरिकी लष्कराच्या नेटिक येथील प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मॅन्डेल्स यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला; पुढे १९७७ मध्ये रीस यांच्या सन्मानार्थ या कवकाला ट्रायकोडर्मा रीसी हे नाव देण्यात आले. विकरे सौम्य तापमानाला काम करतात व तयार झालेल्या शर्करेचा नाश करत नाहीत. त्यामुळे अम्लाची भूमिका बदलली. संपूर्ण विघटनाऐवजी विकरांसाठी रचना उघडून देणे एवढेच काम त्याच्याकडे राहिले आणि ‘पूर्वप्रक्रिया’ हा स्वतंत्र टप्पा म्हणून आकाराला आला. १९७३ च्या तेलसंकटानंतर या संशोधनाला मोठी चालना मिळाली.

प्रमुख पद्धती

भौतिक पद्धती

अवशेषांचे तुकडे करणे, भरडणे व दळणे ही सर्वांत साधी पद्धत आहे. त्यामुळे कणांचा आकार घटतो, पृष्ठफळ वाढते आणि दीर्घकाळ दळल्यास स्फटिकता कमी होते. यात रसायने लागत नाहीत व मारक द्रव्ये तयार होत नाहीत. मात्र माल जितका बारीक करावा तितकी वीज झपाट्याने वाढत जाते. म्हणून केवळ दळण्यावर भर न देता इतर पद्धतींची पूर्वतयारी म्हणून माल काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर आकाराचा करून घेतला जातो.

विरल अम्लाची पद्धत

या पद्धतीत साधारणतः ०.५ ते २ टक्के सल्फ्यूरिक अम्लाच्या द्रावणात माल १४० ते २०० अंश सेल्सियस तापमानाला काही मिनिटे ठेवला जातो. हेमिसेल्युलोज जवळजवळ पूर्णपणे विरघळून द्रवात झायलोज उतरते आणि मागे उरलेल्या घनभागात सेल्युलोज व लिग्निन राहतात. पद्धत जलद व अनेक प्रकारच्या मालाला लागू पडणारी आहे. अम्लाने पात्रे गंजत असल्याने महाग मिश्रधातू वापरावे लागतात. तसेच अम्ल उदासीन करण्यासाठी चुना वापरल्यास जिप्समचा साका तयार होतो व त्याची विल्हेवाट लावावी लागते.

बाष्प-विस्फोट

माल बंद पात्रात संपृक्त वाफेने १८० ते २२० अंश सेल्सियसपर्यंत तापवला जातो. या तापमानाला वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १० ते २३ पट असतो. काही मिनिटांनी झडप एकदम उघडताच दाब कोसळतो, तंतूंच्या आतील पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि तंतू आतून फाटतात. उष्णतेमुळे हेमिसेल्युलोजमधील ॲसिटिल गट सुटून ॲसिटिक अम्ल तयार होते व तेच उत्प्रेरकाचे काम करते. म्हणून बाहेरून अम्ल घातले नाही तरी क्रिया घडते. विल्यम मेसन यांनी १९२० च्या दशकात लाकडाच्या चिपांपासून दाबफळ्या बनवण्यासाठी हे तंत्र अमेरिकेत वापरले होते. पुढे ते शर्करानिर्मितीकडे वळवण्यात आले. रसायनांचा अल्प वापर हा या पद्धतीचा मुख्य गुण आहे.

अल्कली आणि अमोनिया

सोडियम हायड्रॉक्साइड किंवा चुना यांसारख्या अल्कली पदार्थांनी लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांना जोडणारे एस्टर बंध तुटतात, लिग्निन विरघळते व तंतू फुगतात. पहिल्या महायुद्धाच्या व त्यानंतरच्या चाराटंचाईच्या काळात जर्मन रसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट बेकमान यांनी गव्हाचे काड विरल अल्कलीत भिजवून ते जनावरांना पचनसुलभ करण्याची पद्धत विकसित केली होती. अल्कली पद्धती गवतवर्गीय अवशेषांना विशेष मानवतात. प्रक्रिया कमी तापमानालाही चालते, मात्र तेव्हा तिला तास किंवा दिवस लागतात. वापरलेली अल्कली परत मिळवणे हा खर्चाचा मोठा भाग असतो.

अमोनिया-विस्फोट पद्धतीत द्रवरूप अमोनिया दाबाखाली मालात मिसळून साधारणतः ६० ते १२० अंश तापमानाला ठेवतात व नंतर दाब एकदम सोडतात. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस डेल यांचे नाव या पद्धतीशी जोडले जाते; १९८० च्या दशकापासून ती विकसित होत गेली. माल कोरडा राहतो, शर्करा द्रवात वाहून जात नाही आणि मारक द्रव्ये फार कमी तयार होतात. अमोनिया वायू विषारी असल्याने तो जवळजवळ संपूर्णपणे परत मिळवणे सुरक्षिततेच्या व खर्चाच्या दोन्ही दृष्टींनी आवश्यक असते.

विद्रावक पद्धती

इथेनॉल आणि पाणी यांच्या उष्ण मिश्रणात लिग्निन विरघळवून वेगळे करण्याच्या पद्धतीला सेंद्रिय विद्रावक पद्धत म्हणतात. तिच्यातून मिळणारे लिग्निन शुद्ध असल्याने ते स्वतंत्रपणे विकता येते. २००२ मध्ये अमेरिकेतील रॉबिन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयनी द्रवांमध्ये सेल्युलोज विरघळते असे दाखवले. विरघळलेले सेल्युलोज पाणी घालून पुन्हा बाहेर काढले असता त्याची मूळ स्फटिकी मांडणी मोडलेली असते व विकरे त्यावर वेगाने काम करतात. प्रयोगशाळेत हे परिणाम उत्तम असले, तरी या द्रवांची किंमत आणि ते जवळजवळ तंतोतंत परत मिळवण्याची गरज यांमुळे मोठ्या प्रमाणावरील वापर मर्यादित राहिला आहे.

जैविक पद्धती

निसर्गात लिग्निनचे विघटन मुख्यतः श्वेतकुज कवके करतात. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या कवकातील लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर १९८३ मध्ये शोधले गेले. धिंगरी अळिंबीही याच गटातील असून ती भात व गव्हाच्या काडावर वाढते. या पद्धतीला उष्णता वा रसायने लागत नाहीत. परंतु तिला कित्येक आठवडे लागतात आणि कवक स्वतःच्या वाढीसाठी शर्करेचा काही भाग खाऊन टाकते.

प्रक्रियेची तीव्रता आणि मारक द्रव्ये

तापमान व वेळ यांचा एकत्रित परिणाम मोजण्यासाठी ओव्हरेंड आणि शोर्ने यांनी १९८७ मध्ये ‘तीव्रता गुणांक’ ही संकल्पना रूढ केली. तिच्यानुसार तापमान १० अंशांनी वाढवल्यास तोच परिणाम साधायला साधारणतः निम्मा वेळ पुरतो. म्हणजेच १८० अंशांना २० मिनिटे आणि १९० अंशांना १० मिनिटे या जवळपास समान तीव्रतेच्या प्रक्रिया ठरतात. अम्ल वापरल्यास त्याच्या सामूचाही (पीएचचाही) विचार करावा लागतो.

तीव्रता मर्यादेपलीकडे गेल्यास झायलोजपासून फरफ्यूरल आणि ग्लुकोजपासून हायड्रॉक्सिमिथिल फरफ्यूरल तयार होते. त्यांचे आणखी विघटन होऊन फॉर्मिक व लेव्ह्युलिनिक अम्ले तयार होतात. हेमिसेल्युलोजमधून ॲसिटिक अम्ल, तर लिग्निनमधून फिनॉलवर्गीय द्रव्ये सुटतात. ही सर्व द्रव्ये यीस्टची वाढ मंदावतात किंवा थांबवतात. अशा रीतीने शर्करेचे दुहेरी नुकसान होते. काही शर्करा नष्ट होते व उरलेली आंबवणे अवघड होऊन बसते. उपाय म्हणून द्रावणाला चुन्याची निवळी देणे, ते धुणे किंवा मारक द्रव्ये सहन करणारे यीस्टचे वाण वापरणे असे मार्ग अवलंबले जातात. पाण्याने धुणे सोपे असले, तरी त्यामुळे शर्करा पातळ होते व सांडपाणी वाढते.

फरफ्यूरल हे एरवी उपयुक्त औद्योगिक रसायन आहे. अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने १९२० च्या दशकात ओटच्या टरफलांपासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले होते. एका प्रक्रियेतील उपद्रवी द्रव्य दुसऱ्या प्रक्रियेचे मुख्य उत्पादन ठरू शकते, याचे हे उदाहरण आहे.

विकरीय विघटन व किण्वन

पूर्वप्रक्रिया झालेल्या लगद्यावर साधारणतः ५० अंश सेल्सियस तापमान आणि ५ च्या आसपास सामू राखून विकरांचे मिश्रण सोडले जाते. एन्डोग्लुकानेज सेल्युलोजच्या साखळ्या मधूनच तोडते, सेलोबायोहायड्रोलेज साखळीच्या टोकाकडून दोन-दोन ग्लुकोज घटकांचे तुकडे सोडवते आणि बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्यांचे सुट्या ग्लुकोजमध्ये रूपांतर करते. २०१० मध्ये ऑक्सिडीकरणाने स्फटिकी पृष्ठभागावर काप घेणाऱ्या विकरांचा एक नवा गट ओळखला गेला. नंतरच्या औद्योगिक मिश्रणांत त्याचा समावेश झाल्याने विकरांची कार्यक्षमता वाढली.

इथेनॉलसाठी ग्लुकोज आंबवणे नेहमीच्या यीस्टला सहज जमते. झायलोज मात्र ते आंबवू शकत नाही. त्यासाठी जनुकीय बदल केलेले यीस्ट किंवा जीवाणू वापरावे लागतात. उर्ध्वपातन परवडण्यासाठी आंबलेल्या द्रवात इथेनॉलचे प्रमाण किमान ४ टक्क्यांच्या आसपास असावे लागते. तेवढी शर्करा मिळवायची तर दाट लगद्यावर काम करावे लागते आणि दाट लगदा ढवळणे, पंपाने पुढे ढकलणे व तापवणे हे यांत्रिक दृष्ट्या कठीण असते.

शर्करेच्या उत्पन्नाचा हिशेब

विघटनात प्रत्येक बंध तुटताना पाण्याचा एक रेणू जोडला जातो. म्हणून १ किलो सेल्युलोजपासून सैद्धांतिक दृष्ट्या १.११ किलो ग्लुकोज आणि १ किलो झायलानपासून १.१४ किलो झायलोज मिळते. उदाहरणादाखल १०० किलो कोरड्या चिपाडात ४० किलो सेल्युलोज व २५ किलो झायलान आहे असे मानल्यास सुमारे ४४ किलो ग्लुकोज आणि २८ किलो झायलोज मिळू शकते. एक किलो शर्करेपासून जास्तीत जास्त ०.५११ किलो इथेनॉल तयार होत असल्याने हे एकूण इथेनॉल सुमारे ३७ किलो, म्हणजे जवळजवळ ४७ लिटर होते.

ही वरची मर्यादा आहे. पूर्वप्रक्रियेत ९० टक्के बहुशर्करा टिकली, विकरांनी तिच्यातील ८० टक्क्यांचे विघटन केले आणि किण्वनात ९० टक्के यश मिळाले, तर अंतिम उत्पन्न सैद्धांतिक मर्यादेच्या सुमारे ६५ टक्के, म्हणजे जवळपास ३० लिटर राहते. झायलोज वापरलेच नाही, तर ते २० लिटरच्याही खाली जाते. प्रत्येक टप्प्यातील लहानशी घट गुणाकाराने वाढत जात असल्याने पहिल्या टप्प्यातील चुकीची भरपाई पुढे करता येत नाही.

औद्योगिक अनुभव

२०१३ ते २०१५ या काळात अनेक देशांत मोठे प्रकल्प उभे राहिले. इटलीतील क्रेशेंतिनो येथील प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात गव्हाचे काड व एक प्रकारचा बोरू यांवर वाफेची प्रक्रिया होत असे. अमेरिकेत आयोवा राज्यातील एमेट्सबर्ग व नेवाडा आणि कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन येथे मक्याच्या अवशेषांवर आधारित कारखाने उभारले गेले. ह्यूगोटनचा प्रकल्प दोन वर्षांच्या आत बंद पडला, नेवाडा येथील कारखान्यातून मालक कंपनीने २०१७ मध्ये माघार घेतली आणि एमेट्सबर्ग येथील व्यापारी उत्पादन २०१९ मध्ये थांबवण्यात आले. रुमेनियातील पोदारी येथे २०२१ मध्ये पूर्ण झालेला कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीस घेण्यात आला. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यातील पिरासिकाबा येथील चिपाडावर आधारित प्रकल्प साखर कारखान्याला जोडून उभारण्यात आला होता व तो दीर्घकाळ उत्पादन देत राहिला.

या अनुभवांमागे तेलाच्या किमती, धोरणातील अनिश्चितता व कंपन्यांची आर्थिक स्थिती अशी निरनिराळी कारणे होती. तांत्रिक बाजूने मात्र एक गोष्ट वारंवार पुढे आली. रसायनशास्त्र जमूनही घन माल हाताळणे जमत नाही. शेतातून येणाऱ्या गाठींमध्ये माती, वाळू व खडे असतात. त्यांमुळे मळसूत्री वाहक झिजतात आणि झडपा गळू लागतात. काड पाण्याप्रमाणे वाहत नाही. ते नळ्यांत अडकते, गुठळ्या धरते व उच्च दाबाच्या पात्रात एकसारखे शिरत नाही. प्रयोगशाळेत स्वच्छ, वाळवलेल्या व चाळलेल्या नमुन्यावर मिळालेले निष्कर्ष कारखान्यात तसेच्या तसे उतरत नाहीत, ते यामुळे.

भारतातील स्थिती

पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशात खरिपातील भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा अवधी मिळतो. यंत्राने कापणी केल्यावर शेतात उरलेले काड हटवण्यासाठी ते पेटवून देण्याची प्रथा पडली असून उत्तर भारतातील हिवाळी वायुप्रदूषणात तिचा वाटा असतो. या काडाला बाजारमूल्य मिळावे, हा दुसऱ्या पिढीच्या इथेनॉलला प्रोत्साहन देण्यामागील एक हेतू आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘प्रधानमंत्री जी-वन योजना’ मंजूर करून अशा प्रकल्पांना आर्थिक साहाय्य देऊ केले. २०२४ मध्ये योजनेत बदल करून तिची मुदत वाढवण्यात आली.

हरियाणातील पानिपत येथील इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ रोजी झाले. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल मिळवण्याचे त्याचे नियोजन आहे. या आकड्यांवरून १०० किलो पेंढ्यामागे १५ लिटर इथेनॉल, असे प्रमाण निघते. पेंढ्यातील ओलावा व राख लक्षात घेता हे प्रमाण चिपाडाच्या वरील हिशेबापेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे.

या क्षेत्रातील तंत्रज्ञानाशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. पानिपत प्रकल्पाचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचे असून तिने २०१७ मध्ये पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केले होते. मुंबईतील रसायन तंत्रज्ञान संस्थेमधील ऊर्जा जैवविज्ञान केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीवर आधारित, दिवसाला १० टन अवशेष वापरणारे प्रात्यक्षिक संयंत्र उत्तराखंडमधील काशीपूर येथे २०१६ मध्ये कार्यान्वित झाले.

चाऱ्यावरील युरिया प्रक्रिया

पूर्वप्रक्रियेचे तत्त्व भारतातील पशुपालकांना वेगळ्या रूपात परिचित आहे. निकृष्ट चाऱ्यावरील युरिया प्रक्रियेत १०० किलो पेंढा किंवा गव्हाच्या काडावर साधारणतः ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडतात, ढीग दाबून प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद करतात आणि तीन आठवड्यांनी उघडतात. या काळात काडावरील सूक्ष्मजीवांच्या युरिएज विकरामुळे युरियापासून अमोनिया तयार होतो व तो लिग्निनचे बंध सैल करतो. कारखान्यातील अमोनिया पद्धतीत जे उष्णता आणि दाब यांनी मिनिटांत होते, तेच येथे साध्या तापमानाला आठवड्यांत घडते. पुढील काम जनावरांच्या कोटीपोटातील जीवाणू व कवके करतात; सेल्युलोजचे विघटन करणारी विकरे त्यांच्याकडे असतात. युरियाचे प्रमाण वाढल्यास जनावराला विषबाधा होऊ शकते, त्यामुळे ते अचूक राखणे आवश्यक असते.

इतर उत्पादने आणि मर्यादा

मिळालेल्या शर्करेचा वापर केवळ इंधनासाठी होतो असे नाही. झायलोजचे हायड्रोजनीकरण करून झायलिटॉल हा गोड पदार्थ बनवतात. त्याचे औद्योगिक उत्पादन फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात सुरू झाले. ग्लुकोजपासून लॅक्टिक अम्ल व त्यापासून विघटनशील प्लास्टिक तयार होते. उरलेले लिग्निन बहुधा कारखान्याच्या बाष्पकात जाळले जाते व त्यातून प्रक्रियेला लागणारी वाफ मिळते. लिग्निनचा यापेक्षा मूल्यवान उपयोग शोधणे हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे.

सर्व अवशेष शेतातून उचलणे हितावह नसते. काही भाग जमिनीत मिसळल्याने सेंद्रिय कर्ब टिकतो, ओलावा राहतो व धूप कमी होते. अवशेषांबरोबर पालाश व इतर पोषकद्रव्येही शेताबाहेर जातात. शिवाय माल वर्षातून थोडेच दिवस उपलब्ध होतो, वजनाने हलका पण आकाराने मोठा असतो आणि साठ्याला आग लागण्याचा व तो कुजण्याचा धोका असतो. त्यामुळे एखादी पूर्वप्रक्रिया योग्य आहे की नाही हे तिच्या शर्करा-उत्पन्नावरच ठरत नाही. लागणारे पाणी, ऊर्जा व रसायने, निघणारे सांडपाणी आणि मालाची शेतापासून कारखान्यापर्यंतची वाहतूक यांचा एकत्रित हिशेब करावा लागतो. सर्व अवशेषांना सारखीच लागू पडणारी अशी एकच पद्धत उपलब्ध नाही. स्थानिक पीक, त्यातील लिग्निन व राखेचे प्रमाण आणि अपेक्षित उत्पादन यांनुसार तिची निवड केली जाते.